‘अडाणी म्हणून फसला’ : एका समजाचे खंडन

कपाशीची बोंडे फुटायच्या आधीच किडली, सोयाबीन उगवलेच नाही, नाहीतर पाकिटावरच्या चित्रासारखे पीक शेतात दिसलेच नाही, की जालना जिल्ह्यात एक वाक्य हमखास कानावर येते : जाहिरातीला भुलला बिचारा. हे वाक्य बोलणारे बहुधा शिकलेले असतात. शेतकऱ्याचा शहरात नोकरीला असलेला भाऊ, जनजागृती शिबिरातला वक्ता, वर्तमानपत्राचा स्तंभलेखक. त्यांच्या बोलण्यात कळवळा असतो, याबद्दल मला शंका नाही. पण त्या कळवळ्याच्या पोटात एक सिद्धांत आहे, आणि तो चुकीचा आहे. त्यावर बेतलेले उपायही म्हणूनच लागू पडत नाहीत.

आधी पूर्वपक्ष नीट मांडू. घनसावंगी तालुक्यातल्या जांबेत जन्मलेल्या समर्थांनी दासबोधात श्रोत्याची आशंका आधी पुरती मांडली आणि मगच उत्तर दिले. वाद करायचा तर तोच रिवाज बरा. पूर्वपक्ष असा : जाहिरात खोटे किंवा फुगवून बोलते आणि माल खपवते. खोटे ओळखायला शिक्षण लागते. खेड्यात ते कमी, म्हणून तिथे जाहिरातीचे फावते. तेव्हा लोकांना जाहिरातीच्या क्लृप्त्या शिकवा, ते फसायचे थांबतील.

या मांडणीला परंपरा आहे. १९३७ साली न्यूयॉर्कमध्ये ‘इन्स्टिट्यूट फॉर प्रोपगंडा अ‍ॅनालिसिस’ नावाची संस्था निघाली. तिने प्रचाराच्या सात क्लृप्त्यांची यादी केली : विरोधकाला वाईट नाव चिकटवणे, गोंडस पण पोकळ शब्द वापरणे, आदराच्या गोष्टीचा मुलामा देणे, कुणाची तरी साक्ष काढणे, ‘मी तुमच्यातलाच’ असे भासवणे, सोयीचा तेवढाच पुरावा मांडणे, आणि ‘सगळे घेताहेत, तुम्हीच मागे’ असे सुचवणे. अमेरिकेतल्या शाळांतून ही यादी शिकवली गेली आणि आजही जगभर शिकवली जाते. मे महिन्यात जालन्याच्या मोंढ्यात फिरलात तर यातल्या निम्म्याहून अधिक क्लृप्त्या एकाच रांगेतल्या दुकानांवर दिसतील. फेटा बांधलेला शेतकरी टपोरी बोंडे हातात धरून हसतो आहे, खाली ‘विक्रमी उतारा’ लिहिले आहे, बाजूला ‘लाखो शेतकऱ्यांची पसंती’. यादी खोटी नाही. ती मुलांना जरूर शिकवावी. पण फसवणूक टाळायला ती पुरेशी आहे, असे जेव्हा कुणी म्हणतो, तेव्हा मी थांबतो.

शिकलेला माणूस जाहिरातीला बळी पडत नाही, हे पहिले गृहीतक. १९८३ साली डब्ल्यू. फिलिप्स डेव्हिसन या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने एक निरीक्षण मांडले : प्रचाराचा परिणाम इतरांवर होतो, आपल्यावर फारसा होत नाही, असे माणसे धरून चालतात. त्यानंतर अनेक देशांत हे तपासले गेले आणि पुन्हा पुन्हा तसेच आढळले. म्हणजे ‘तो अडाणी म्हणून फसला’ असे म्हणणारा माणूस स्वतःला त्या खेळाच्या बाहेर समजतो, आणि तेवढ्यानेच तो अधिक बेसावध होतो. हे नुसते पुस्तकी विधान नाही. याचा सर्वांत ठळक पुरावा आपल्याच राज्यात, आपल्याच पिकाच्या बाबतीत घडला आहे.

‘जालना, सोने का पालना’ ही जुनी म्हण बियाण्याच्या धंद्याने विसाव्या शतकात पुन्हा खरी केली. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनी, म्हणजे महिको, सुरू केली. भेंडीच्या बियाण्यापासून निघालेल्या या माणसाला १९९८ साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी महिको आणि मोन्सॅन्टो यांची भागीदारीतली कंपनी, महिको मोन्सॅन्टो बायोटेक, उभी राहिली. २६ मार्च २००२ रोजी महिकोच्या तीन संकरित बीटी वाणांना, म्हणजे बोंडअळीला मारक जनुक घातलेल्या वाणांना, केंद्राची परवानगी मिळाली आणि भारतात बीटी कपाशी रीतसर आली.

पुढची गोष्ट यवतमाळ जिल्ह्यातली. ३१ ऑक्टोबर २००८ च्या टाइम्स ऑफ इंडियात भांबराजा आणि अंतरगाव या दोन गावांवर पानभर मजकूर आला. बीटी कपाशीने गावांचे भाग्य पालटले, इथे एकही आत्महत्या झाली नाही, असा त्याचा सूर. गावभेटीची व्यवस्था महिको मोन्सॅन्टो बायोटेकने केली होती, हे त्यातच नोंदलेले होते. २८ ऑगस्ट २०११ रोजी तोच मजकूर त्याच वर्तमानपत्रात पुन्हा आला, या खेपेला जाहिरात म्हणून. ती जाहिरात आहे हे सांगणारी ओळ बारीक अक्षरात होती, आणि तिच्यात ‘जाहिरात’ हा शब्द नव्हता. ‘कन्झ्युमर कनेक्ट’ उपक्रम, असे काहीसे मोघम शब्द होते. जैवतंत्रज्ञान नियमन विधेयक संसदेत मांडले जायचे होते, तोच हा ऑगस्ट महिना. मे २०१२ मध्ये पत्रकार पी. साईनाथ यांनी द हिंदूमध्ये हा सारा प्रकार तपशिलाने उघड केला. त्याआधी मार्चमध्ये संसदेची कृषी स्थायी समिती विदर्भात आली होती, तेव्हा भांबराजाच्या लोकांनी आत्महत्यांबाबत छापील मजकुराच्या नेमके उलट सांगितले होते. त्या जाहिरात-मोहिमेतले काही दावे पुराव्याने सिद्ध होत नाहीत, असा निर्णय भारतीय जाहिरात मानक परिषदेनेही दिला.

आता विचार करा, हा खटाटोप कुणासाठी होता? भांबराजाचा शेतकरी इंग्रजी दैनिकाचे पान वाचून सरकी घेत नाही. तो मजकूर खासदारांसाठी होता, सचिवांसाठी, प्राध्यापकांसाठी, शहरातल्या सुशिक्षित वाचकासाठी. यापेक्षा शिकलेला वर्ग या देशात नाही. आणि ही जाहिरात त्यांनी जाहिरात म्हणून ओळखावी, अशी तिची रचनाच नव्हती. तिने बातमीचा वेष घेतला होता, आणि बातमी वाचताना शिकलेला माणूस सात क्लृप्त्यांची यादी घेऊन बसत नाही. पूर्वपक्षाचा पहिला खांब इथेच निखळतो. शेतकऱ्याला भिंतीवरचे चित्र दाखवून भुलवता येते म्हणून त्याला भोळा म्हणायचे, आणि खासदाराला वर्तमानपत्राचे पान दाखवून भुलवता येते तेव्हा त्याला काय म्हणायचे?

दुसरे गृहीतक असे की, जाहिरात खोटे बोलते. काही जाहिराती बोलतात आणि त्यांच्यासाठी कायदा आहे. पण ज्या जाहिरातींनी लोकांचे निर्णय खरोखर बदलले, त्यांतली बरीच विधाने शब्दशः खरी होती. एक उदाहरण मी सविस्तर घेतो, कारण ते कपाशीवरच्या प्रत्येक चर्चेत आजही येते. २००२-०३ मध्ये देशात कापसाचे, म्हणजे रुईचे, उत्पादन हेक्टरी सुमारे ३०० किलो होते. २००७-०८ मध्ये ते ५५० च्या वर गेले. बीटी २००२ मध्ये आली. दोन्ही आकडे खरे आणि आगमनाचे सालही खरे. ऐकणारा दुवा स्वतःच जोडतो : बीटी आली आणि उत्पादन जवळपास दुप्पट झाले.

आता तोच हिशेब जरा फोडून पाहू. २००२ हे देशभर दुष्काळाचे वर्ष, म्हणजे तुलनेची सुरुवातच खड्ड्यातून केली आहे. २००४-०५ मध्ये उत्पादन हेक्टरी ४७० किलोच्या आसपास पोचले होते, आणि त्या वर्षी अधिकृत बीटीखालचे क्षेत्र एकूण कपाशीच्या सुमारे सहा टक्के होते. सहा टक्के क्षेत्राने देशाचा सरासरी उतारा इतका चढत नाही. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक केशव क्रांती आणि मानववंशशास्त्रज्ञ ग्लेन स्टोन यांनी २०२० साली नेचर प्लांट्समध्ये हे दाखवून दिले. त्यांच्या मते या वाढीत खतांचा आणि नव्या कीटकनाशकांचा वाटा मोठा होता. २००७-०८ नंतर बीटीचे क्षेत्र नव्वद टक्क्यांच्या पुढे गेले, पण उतारा पुढचे दशकभर जवळपास तिथेच घुटमळला.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर मीही सोयीचा तेवढाच पुरावा मांडतो आहे असे होईल. कथागे आणि कायम या कृषी-अर्थशास्त्रज्ञांनी २००२ ते २००८ या काळातल्या शेतकरी कुटुंबांच्या पाहणीवरून २०१२ साली निष्कर्ष काढला की, बीटीमुळे कीड कमी लागून एकरी उत्पादन २४ टक्क्यांनी वाढले. हिरव्या बोंडअळीवरच्या फवारण्या त्या वर्षांत कमी झाल्या, हे कपाशी लावणारा कुणीही सांगेल. बीटी हे थोतांड होते, असे माझे म्हणणे नाही. माझे म्हणणे एवढेच की, ‘दुप्पट’ हा आकडा आणि ‘२४ टक्के’ हा आकडा यांच्यामध्ये जी जागा आहे तिथे प्रचार राहतो, आणि तिथे एकही खोटे वाक्य नसते.

गाळलेल्या गोष्टींनी खोट्यापेक्षा अधिक नुकसान केले, याचा पुरावा बीटीच्या पाकिटातच होता. साडेचारशे ग्रॅम बीटी बियाण्याबरोबर १२० ग्रॅमचे नॉन-बीटीचे छोटे पाकीट येई. शेताच्या कडेने पाच ओळी किंवा वीस टक्के क्षेत्र, जे जास्त असेल तेवढ्यावर, ते लावायचे, ही २००२ च्या परवानगीतलीच अट होती. बीटी न खाता वाढलेल्या अळ्या त्या ओळींवर जगाव्यात, त्यांच्यापासून निघालेल्या पतंगांशी संकर होऊन बीटी पचवणाऱ्या अळ्यांची पैदास मागे रेटली जावी, हा त्यामागचा हेतू. किती शिवारांत त्या ओळी लागल्या? फारच थोड्या. तीन एकर कोरडवाहूवाल्याने वीस टक्के रान अळीला सोडायचे, हे त्याला कुणी पटवून दिले नव्हते. जाहिरात प्रत्येक शेतकऱ्याशी स्वतंत्रपणे बोलत होती : तुझे बोंड सुरक्षित. नॉन-बीटीचे हे आश्रय पीक मात्र सगळ्या शिवाराने मिळून पाळायची गोष्ट होती, आणि सगळ्या शिवाराशी बोलणारी जाहिरात कुणी काढली नाही. मार्च २०१० मध्ये मोन्सॅन्टोनेच मान्य केले की गुजरातच्या चार जिल्ह्यांत गुलाबी बोंडअळी पहिल्या बोलगार्डला, म्हणजे एका जनुकाच्या बीटीला, दाद देत नाही. २०१७ च्या खरिपात दोन जनुकांची बीटीही तिने मराठवाडा-विदर्भात पोखरून टाकली. लांब मुदतीचे संकरित वाण आणि कपाशी उपटून न टाकता घेतलेली फरदड ही कारणेही त्यात आहेत. पण बारक्या पाकिटाची गोष्ट कुठल्याही भिंतीवर रंगवलेली नव्हती, हे मी विसरू शकत नाही. आता नॉन-बीटी बी ४७५ ग्रॅमच्या एकाच थैलीत बीटीबरोबर मिसळून येते. शेतकऱ्याच्या निवडीवर सोडलेली ती अट शेवटी अशी निकालात काढावी लागली.

तिसरे गृहीतक मला सर्वांत घातक वाटते : जाहिरात म्हणजे जी जाहिरातीसारखी दिसते ती. लोखंडी सळईची, सिमेंटची, बियाण्याची रंगवलेली भिंत सगळेच ओळखतात आणि तिच्याकडे फारसे लक्ष देत नाहीत. कपाशीचा निर्णय तिथे होत नाही. तो जिथे होतो ती जागा जवळून पाहू.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये रस्त्यालगतच्या एखाद्या रानात कंपनीची पाटी लागते. वाणाचे नाव, लागवडीची तारीख, शेतकऱ्याचे नाव. रान बागायती, ठिबक केलेले, आणि शेतकरी गावात हुशार म्हणून नावाजलेला. आसपासच्या दहा-पाच गावांतून माणसे पीक पाहणीला आणली जातात. कंपनीचा माणूस एका झाडाजवळ उभा राहून बोंडे मोजतो, मोजणी सगळ्यांसमोर होते, आणि आकडा खरा असतो. मग जेवण. जेवताना तो शेतकरी आपल्या तोंडाने सांगतो की पीक चांगले आहे, आणि तेही खरेच असते. या सगळ्यात एकच गोष्ट नसते : शेजारी, त्याच पाण्यावर, त्याच खतावर, त्याच हाताखाली वाढलेला दुसऱ्या वाणाचा प्लॉट. तो नसल्यामुळे पाहणारा माणूस रान, पाणी, खत आणि राबता हात यांचे सगळे श्रेय वाणाच्या खात्यावर मांडून घरी जातो. दुसऱ्या दिवसापासून तो पारावर जे बोलतो ते जाहिरात म्हणून कुणीच ऐकत नाही. तो तर आपलाच माणूस, आणि तो डोळ्यांनी पाहून आलेला.

हे जालन्यापुरते नाही आणि नवेही नाही. ब्राइस रायन आणि नील ग्रॉस या समाजशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या संकरित मक्याच्या प्रसाराचा अभ्यास १९४३ साली प्रसिद्ध केला. जवळपास निम्म्या शेतकऱ्यांना त्या बियाण्याची पहिली बातमी विक्रेत्यांकडून कळली होती, पण ते घेण्याचा निर्णय करताना सर्वांत जास्त भरवसा शेजाऱ्यांवर ठेवला गेला. बियाणे विकणाऱ्यांना हे ऐंशी वर्षांपासून ठाऊक आहे. म्हणून शेजाऱ्यालाच जाहिरात बनवणे, ही या धंद्यातली सगळ्यात परिणामकारक पद्धत ठरली. सात क्लृप्त्यांची यादी घेऊन बसलेला विद्यार्थी इथे काय पकडणार?

इथे दुसरा प्रतिवादी उठतो, आणि त्याचा पक्ष पहिल्यापेक्षा भारदस्त वाटतो. तो म्हणतो, शेतकऱ्याला भोळा समजू नका. तो हिशेबी आहे. वाण वाईट असते तर दुसऱ्या वर्षी त्याने घेतलेच नसते. नव्वद टक्क्यांवर क्षेत्र गेले, हीच मालाच्या गुणाची पावती. शेतकऱ्याच्या शहाणपणाचा आदर मलाही आहे. पण शहाणपण अनुभवातून येते आणि अनुभव साठायला तीच गोष्ट पुन्हा पेरता यावी लागते. ग्लेन स्टोन यांनी आंध्रातल्या, आता तेलंगणातल्या, वारंगळ जिल्ह्यात बरीच वर्षे कपाशीच्या बियाण्याची निवड पाहिली आणि २००७ साली लिहिले की, एका गावात एक ब्रँड, शेजारच्या गावात दुसरा, पुढच्या वर्षी दोन्हीकडे तिसराच, अशा लाटा येतात, आणि त्यांचा जमिनीच्या किंवा उताऱ्याच्या अनुभवाशी फारसा संबंध लागत नाही. नावे इतक्या वेगाने बदलत होती की कुठल्याच नावाची परीक्षा घ्यायला सवड उरत नव्हती.

आपल्या जालना जिल्ह्यात याची उलट बाजू दिसते. परभणीच्या कृषी विद्यापीठाचे बदनापूरचे संशोधन केंद्र तुरीवर काम करते. तिथून आलेली बीडीएन ७११ ही लवकर येणारी पांढरी तूर मराठवाड्यात पसरली. तूर सरळ वाणाची, तिचे बी घरचे राखून पुन्हा पेरता येते. शेतकरी तेच वाण हलक्या रानात पेरतो, भारी रानात पेरतो, पावसाने ताण दिलेल्या वर्षी बघतो, चांगल्या वर्षी बघतो. दोन-तीन हंगामांत त्याचे मत तयार होते आणि ते मत त्याचे स्वतःचे असते. तूर पेरणारा आणि सरकी लावणारा एकच माणूस आहे. एवढेच शिक्षण, तेवढीच जमीन. तुरीच्या बाबतीत तो पारखी आणि सरकीच्या बाबतीत अडाणी, असे कसे होईल? दोन बियाण्यांभोवतीची व्यवस्था वेगळी आहे. एकीत पडताळा घेता येतो, दुसरीत दर मृगाला नव्या नावावर विश्वास टाकावा लागतो.

म्हणून माझा पक्ष असा की, प्रचार ओळखणे ही साक्षरतेची नव्हे, पडताळ्याची गोष्ट आहे. दावा कुठल्या परिस्थितीत खरा, कशाच्या तुलनेत, आणि बोलणाऱ्याचा खर्च कोण करतो, हे विचारायची सोय जिथे आहे तिथे कमी शिकलेला माणूसही सहजी फसत नाही. जिथे ती नाही तिथे पदवीधर फसतो.

कपाशीची थैली हातात घेऊन तिचे लेबल वाचा. लॉट नंबर, उगवणशक्ती किमान किती टक्के, भौतिक शुद्धता, आनुवंशिक शुद्धता, तपासणीची तारीख, वैधता. १९६६ च्या बियाणे कायद्याने कंपनीला या गोष्टींची जबाबदारी घ्यायला लावली आहे. एकरी उतारा किती, हे त्या लेबलवर नाही. ज्या एका आकड्यासाठी शेतकरी थैली घेतो, तो आकडा फक्त पत्रकात, मेळाव्यात आणि दुकानदाराच्या तोंडी असतो. म्हणजे जबाबदारी एका कागदावर आणि आशा दुसऱ्या कागदावर. हे शिबिर घेऊन सुटणारे नाही, कारण इथे शेतकऱ्याच्या समजेत खोट नाहीच.

सुटण्याची वाट कायद्यात आधीच आहे आणि ती फारशी कुणी सांगत नाही. २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याचे कलम ३९(२) सांगते की, त्या कायद्याखाली नोंदलेल्या वाणाचे बियाणे विकताना, ठरावीक परिस्थितीत त्यापासून किती कामगिरीची अपेक्षा आहे हे शेतकऱ्याला सांगितले पाहिजे. त्या परिस्थितीत ती कामगिरी झाली नाही तर शेतकरी त्या कायद्याखालच्या प्राधिकरणाकडे भरपाई मागू शकतो. शेतकरी हा ग्राहक आहे आणि तो ग्राहक न्यायालयात दाद मागू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय बीज निगमच्या खटल्यात २०१२ साली स्पष्ट केले. जून २०२२ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार जाहिरातीतली अट दाव्याच्याच भाषेत द्यावी लागते, आणि साक्ष देणाऱ्याचा कंपनीशी असलेला संबंध उघड करावा लागतो.

जालन्याच्या, अंबडच्या, भोकरदनच्या, परतूरच्या शेतकरी गटांना आणि शेतकऱ्यांच्या शिकलेल्या भावांना माझी विनंती आहे. येत्या मे महिन्यात कृषी सेवा केंद्रात जाल तेव्हा पक्की पावती तर घ्याच. वाण नोंदलेले आहे का ते विचारा. असेल तर त्याची अपेक्षित कामगिरी, कोणत्या जमिनीत आणि किती पाण्यावर, हे लेखी मागा. पीक पाहणीला नेले तर शेजारचा तुलनेचा प्लॉट कुठे आहे ते सगळ्यांसमोर विचारा, आणि या शेतकऱ्याला बी, खत, ठिबक कुणी दिले तेही विचारा. एकट्याने विचारले तर दुकानदार हसून सोडून देईल. गावाने मिळून मागितले तर त्याला कंपनीकडे ते मागावेच लागेल.